स्टेपनी कुठे गेली?

*नवीन मॉडेल आलं की आपण सगळे गाडी पुढून बघतो. ग्रिल, हेडलाइट, लोगो. पण गाडी कुणासाठी बदलली, हे कळतं मागून! होंडा सीआर-व्हीच्या सहा पिढ्यांची ही गोष्ट, डिकीच्या बाजूने सांगितलेली.*

नवीन गाडी लाँच झाली की ऑफिसच्या कँटीनमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘फ्रंट बघितलास का?’ मग मोबाइलवर फोटो फिरतो. एकाला ग्रिल जाम आवडते, दुसऱ्याला ती ट्रकसारखी वाटते, तिसरा म्हणतो जुनीच बरी होती. वडापाव संपेपर्यंत गाडीचा चेहरा पास किंवा नापास झालेला असतो. मागची बाजू? तिकडे कुणी फिरकतच नाही.

खरं तर गंमत तिकडेच आहे. गाडीचा चेहरा कंपनीला कसं दिसायचंय ते सांगतो. डिकी मात्र सांगते की गाडी विकत घेणारा माणूस कसा बदलला. तो पूर्वी काय सामान भरायचा, आता काय भरतो, पंक्चर झालं तर स्वतः खाली उतरतो की फोन लावतो, सगळं तिथे लिहिलेलं असतं. फक्त वाचायला गाडीच्या मागे जावं लागतं.

आपण त्यासाठी एकच गाडी घेऊ आणि तिचा एकच भाग पकडू. गाडी म्हणजे होंडा सीआर-व्ही. १९९५ मध्ये जपानमध्ये जन्मलेली, आतापर्यंत सहा पिढ्या पाहिलेली, २००३ ते २०२० भारतातही विकली गेलेली. आणि भाग म्हणजे आपली लाडकी स्टेपनी!

क्रॉसओव्हर म्हणजे काय रे भाऊ?

आधी थोडं बेसिक. जुन्या पद्धतीची एसयूव्ही म्हणजे शिडीसारखी जाड लोखंडी चॅसी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी. ट्रक असाच बनतो. दणकट, पण वळणावर डुलणारी आणि पेट्रोल पिणारी. क्रॉसओव्हरमध्ये ही शिडी नसते. साध्या कारसारखीच बॉडी आणि सांगाडा एकच, फक्त उंची वाढवलेली. म्हणजे आत्मा कारचा आणि कपडे जीपचे. ज्यांना डोंगर चढायचा नाहीये, पण खड्डे रोज ओलांडायचेत, त्यांच्यासाठी हा परफेक्ट जुगाड.

नव्वदीच्या सुरुवातीला जपानमध्ये फिरायला जायच्या मोठ्या गाड्यांची जबरदस्त क्रेझ आली होती. आणि होंडाकडे अशी स्वतःची एकही गाडी नव्हती! मग कंपनीने चक्क उसनवारी केली. अमेरिकेत इसुझूची एसयूव्ही ‘होंडा पासपोर्ट’ नावाने विकली, तर जपानमध्ये लँड रोव्हर डिस्कव्हरीवर आपला लोगो लावून तिला ‘क्रॉसरोड’ म्हटलं. इंजिनांचा एवढा अभिमान असलेल्या कंपनीला हे किती टोचलं असेल, विचार करा.

१९९४ मध्ये टोयोटाने छोटी, कारसारखी आरएव्ही-फोर आणली आणि रस्ता दिसला. ऑक्टोबर १९९५ मध्ये होंडाने उत्तर दिलं. सिव्हिकच्या पायावर उभी असलेली, दोन लिटर इंजिनाची, उंच, चौकोनी सीआर-व्ही. जपानमध्ये होंडाने या अक्षरांचा अर्थ सांगितला ‘कम्फर्टेबल रनअबाउट व्हेइकल’. म्हणजे आरामात इकडेतिकडे भटकायची गाडी. नाव साधं, इरादा स्पष्ट!

पिकनिकचं टेबल, तेही फुकट

पहिल्या सीआर-व्हीचा चेहरा आठवतोय का कुणाला? मोठे हेडलाइट, काळा प्लॅस्टिकचा बंपर, विषय संपला. पण मागे या.

मागच्या दारावर, उघड्यावर, स्टेपनी लटकवलेली. दार उघडायची दोन स्टेप्स. आधी वरची काच छपरासारखी वर उचलायची, मग खालचं दार कपाटासारखं बाजूला उघडायचं. आत डिकीची जी फळी होती ना, ती बाहेर काढून पाय उघडले की तिचं चार माणसांचं टेबल व्हायचं. होय, कंपनीतूनच पिकनिकचं टेबल! पुढच्या दोन सीट्सच्या मध्येही मोकळी जागा होती आणि तिथे घडी होणारा ट्रे. ट्रे पाडला की ड्रायव्हर न उतरता मागच्या सीटवर जाऊ शकत होता. बाहेर पाऊस असेल तर याची किंमत कळते.

फोर व्हील ड्राइव्हची आयडियाही अशीच साधी आणि हुशार. एक छोटा पंप पुढच्या चाकांच्या फिरण्यावर चालणारा, दुसरा मागच्या. दोन्ही चाकं सारखी फिरताहेत तोवर दाब सारखा, आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालणार. पुढची चाकं चिखलात घसरून जास्त फिरायला लागली की दाबात फरक पडणार आणि मागच्या चाकांना जोर मिळणार. बटण नाही, लिव्हर नाही. खऱ्या ऑफरोडवाल्यांनी नाकं मुरडली, कारण चाक घसरल्यावरच ही सिस्टिम जागी व्हायची. पण ज्यांच्यासाठी ती बनवली होती त्यांना बर्फाळ गल्लीतून घरी पोचायचं होतं, हिमालय सर करायचा नव्हता.

थोडक्यात, पहिल्या सीआर-व्हीची कल्पना मागून पुढे आली होती. आधी डिकीत काय काय करता येईल ते ठरलं, चेहऱ्याकडे नंतर लक्ष गेलं असावं असं वाटण्याइतका तो साधा होता.

दारावरचं चाक आणि आपला रुबाब

२००१ मध्ये दुसरी पिढी आली. नवीन इंजिन, गुळगुळीत कडा, विमानातल्यासारखा डॅशबोर्डमधून ओढायचा हँडब्रेक. मागे मात्र फारसा बदल नाही. टेबल होतं, बाजूला उघडणारं दार होतं, दारावर स्टेपनी होती. हीच पिढी २००३ मध्ये जपानहून थेट तयार होऊन भारतात आली.

तो काळ आठवा. आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे डिझेल आणि खडखडाट असं समीकरण होतं. नाशिकच्या कारखान्यातून २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली होती. पुण्याच्या टाटांची सफारी १९९८ पासून रस्त्यावर होती आणि तिच्या मागच्या दारावरही स्टेपनी झळकत होती. त्याआधीच्या, १९९१ च्या सिएराच्याही. दारावरचं चाक ही ‘मी साधी कार नाही’ अशी पाटीच होती जणू. सीआर-व्हीने ती पाटी लावली, पण आवाज केला नाही. पेट्रोल इंजिन, कारसारखी चाल, उंचावरची सीट. सेडानमध्ये बसायची सवय असलेल्या डॉक्टर, वकील, बिल्डर मंडळींना ती पटकन आवडली. त्यातल्या किती जणांनी ते पिकनिक टेबल उघडलं असेल, हा वेगळा प्रश्न!

...आणि चाक जमिनीखाली गेलं

२००६ च्या शरद ऋतूत तिसरी पिढी आली आणि खरा भूकंप झाला. बहुतेकांचं लक्ष पुढच्या दुमजली ग्रिलकडे आणि खिडक्यांच्या नव्या कमानीकडे गेलं. पण बदल मागे होता. दारावरची स्टेपनी गायब! ती डिकीच्या फ्लोअरखाली गेली. बाजूला उघडणारं दार जाऊन वर उचलणारा दरवाजा आला. आणि पिकनिकचं टेबल? ते कायमचं गेलं.

का केलं असेल असं? कारणं एकेक करून बघा, सगळी पटण्यासारखी आहेत.

एक, चाक आणि टायर मिळून चांगलंच वजन होतं आणि ते सगळं दाराच्या बिजागऱ्यांवर लोंबकळत होतं. बिजागऱ्या जाड हव्यात, दार जड, म्हणजे गाडी जड. दोन, मागच्या काचेचा एक भाग चाकाने झाकला जायचा, रिव्हर्स घेताना नेमकं तिथेच कुणी असलं तर? तीन, मागून कुणी हलकाच ठोकला तरी बंपरच्या आधी स्टेपनी मार खायची आणि दाराचा पत्रा, कधी काचसुद्धा घेऊन जायची. चार, बाजूला उघडणाऱ्या दाराला मागे मोकळी जागा लागते. मॉलच्या पार्किंगमध्ये मागची गाडी चिकटून उभी असेल तर दार अर्धंच उघडणार आणि हातात किराण्याच्या चार पिशव्या! पाच, चाक काढल्यामुळे अमेरिकन मॉडेलची लांबी जवळपास तीन इंचांनी कमी झाली, आतली जागा न चोरता.

म्हणजे बघा, आता गाडी पिकनिकसाठी नव्हती, पार्किंगसाठी होती. नदीकाठी टेबल मांडणाऱ्या कुटुंबाऐवजी कंपनीच्या डोळ्यांसमोर आता शनिवारी सामान आणणारं कुटुंब होतं. त्यांच्यासाठी डिकीत फळीचे दोन मजले आले. आणि लोकांनी मतदानही तसंच केलं. २००७ मध्ये अमेरिकेतली सर्वाधिक खपाची एसयूव्ही ठरली ती सीआर-व्ही. वर्षानुवर्षं ज्या देशाने शिडीच्या चॅसीवरच्या फोर्ड एक्सप्लोररला डोक्यावर घेतलं होतं, तिथे कारच्या सांगाड्यावरची गाडी पहिली आली.

बाकीचेही मग त्याच वाटेने गेले. आपल्या सफारीची ‘स्टॉर्म’ आवृत्ती २०१२ मध्ये आली तेव्हा दारावरची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेली होती. टोयोटाने २०१३ च्या आरएव्ही-फोरमध्ये तेच केलं.

चेहरा तोच, हाडं नवी

चौथी पिढी २०११ च्या शेवटी आली. छप्पर थोडं खाली आलं, डिकीत एक लिव्हर ओढली की मागची सीट एका झटक्यात आपोआप सपाट होऊ लागली. ती पंपवाली फोर व्हील ड्राइव्ह जाऊन इलेक्ट्रॉनिक सिस्टिम आली, जी चाक घसरायची वाट न बघता आधीच मागे जोर पाठवू शकते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ही पिढी भारतात आली, आणि यावेळी ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात जुळणी होऊन.

पण या पिढीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ब्रोशरमधल्या फोटोत दिसत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने एक नवी टेस्ट सुरू केली. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका टणक अडथळ्यावर आदळवायची, पण पूर्ण नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा फक्त पंचवीस टक्के भाग. समोरून येणाऱ्या गाडीला किंवा झाडाला गाडीचा कोपरा घासून आदळतो ना, तसं. मोठमोठ्या गाड्यांची यात दाणादाण उडाली, कारण मजबूत बीम मधोमध होते आणि कोपऱ्यात सगळा भार चाकावर आणि दाराच्या खांबावर येत होता.

सीआर-व्हीला या टेस्टमध्ये ‘मार्जिनल’ शेरा मिळाला. चार शेऱ्यांमध्ये खालून दुसरा. मग २०१५ चं मॉडेल आलं. बाहेरून बघाल तर नेहमीचं फेसलिफ्ट. नवी ग्रिल, नवे दिवे, थोडा क्रोम. शोरूममधला माणूस तेवढंच दाखवणार. पण आत पुढच्या सांगाड्याचं काम नव्याने झालं होतं, आणि शेरा थेट ‘गुड’वर गेला. त्याच वर्षी मोटर ट्रेंड मासिकाने तिला वर्षातली सर्वोत्तम एसयूव्हीही ठरवलं.

थांबा, गोष्ट इथे संपत नाही. त्या संस्थेच्या लोकांना एक शंका आली. कंपन्या फक्त ड्रायव्हरची बाजू मजबूत करताहेत की काय? कारण टेस्ट तीच होते! म्हणून त्यांनी ड्रायव्हर-बाजूला ‘गुड’ मिळालेल्या सात छोट्या एसयूव्ही घेतल्या आणि दुसऱ्या बाजूने आदळवल्या. २०१६ मध्ये निकाल आला. सातांपैकी एकाच गाडीला, ह्युंदाई टुसाँला, ‘गुड’ मिळालं. सीआर-व्ही ‘अ‍ॅक्सेप्टेबल’वर थांबली, म्हणजे वरून दुसरी. काही गाड्या तर पार खाली गेल्या.

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कोण बसतं, ते आठवून बघा. बायको, आई, मित्र. रिडिझाइन म्हणजे फक्त दिसणं नव्हे, ते हे. एकाच पिढीची, जवळपास सारख्याच चेहऱ्याची २०१४ ची आणि २०१५ ची गाडी शेजारी उभी असेल, तरी अपघातात त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

बटण परत आलं, चाक गेलं

पाचवी पिढी ऑक्टोबर २०१६ मध्ये जगासमोर आली. तोवर एक मजेशीर आकडा टिकून होता. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पहिल्या चार पिढ्यांत जवळपास तेच होतं, २६२० मिलिमीटर. वीस वर्षं! पाचव्या पिढीत ते २६६० झालं, सहाव्या पिढीत २७००. ‘छोटी’ एसयूव्ही हळूहळू चांगलीच वयात आली होती.

या पिढीतली आवडती गोष्ट सांगू? आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण! मधल्या काळात होंडाने ते काढून स्क्रीनवर बोट सरकवायची फॅन्सी पट्टी दिली होती. चालत्या गाडीत, खड्ड्यांवरून जाताना, गुळगुळीत काचेवर बोट नेमकं ठेवायचं म्हणजे कसरत. लोक वैतागले, तक्रारी केल्या, आणि पाचव्या पिढीत कंपनीने मुकाट्याने बटण परत आणलं. म्हणजे रिडिझाइनमध्ये गेलेली गोष्ट परतही येते, पण कुणीतरी ओरडलं तर!

स्टेपनीसाठी मात्र कुणी फार ओरडलं नाही. अमेरिकेत २०२० च्या मॉडेलमध्ये सीआर-व्ही हायब्रिड आली. बॅटरी ठेवायची कुठे? डिकीच्या फ्लोअरखाली, नेमकी जिथे स्टेपनी असायची तिथे. त्या गाडीत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचं किट मिळू लागलं. दारावरून फ्लोअरखाली आणि फ्लोअरखालून थेट बाहेर. पंचवीस वर्षांत स्टेपनीचा प्रवास पूर्ण!

इथे इतिहासाची एक धमाल आहे. ‘स्टेपनी’ हा शब्द आला कुठून माहितीये? सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक मिळायचंच नाही. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावी डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरची एक रिम बनवली, जी पंक्चर झालेल्या चाकावर तशीच अडकवता यायची. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. नाव तिथून आलं आणि आपल्याकडे कायमचं राहिलं. तर स्टेपनी नसलेल्या मोटारीपासून सुरुवात झाली होती, आणि आपण फिरून तिथेच निघालोय.

हे ‘तिकडचं’ आहे असं समजू नका. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर ड्रायव्हर धरून नऊ सीटांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी सक्तीची नाही, १ ऑक्टोबर २०२० पासून. एक कारण होतं इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला जागा मिळावी हे. लॉजिक बरोबर आहे. पण किटमधला चिकट द्रव टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातलं खिळ्याएवढं छोटं भोक बुजवतो. टायरची बाजू दगडाने फाटली तर तो काही करू शकत नाही. वांद्र्यात किंवा कोथरूडमध्ये असाल तर अर्ध्या तासात टोइंगवाला येईल. वरंधा घाटात, जुलैच्या संध्याकाळी, नेटवर्क नसताना? तिथे एक जादा चाक हीच खरी लक्झरी.

लांब नाक आणि भारतातला निरोप

आपल्याकडे पाचवी पिढी ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, आणि पहिल्यांदाच डिझेल घेऊन. डिझेलमध्ये सात सीट्सही होत्या. पण किंमत अठ्ठावीस लाखांच्या पुढे, आणि तोवर डिझेलवाल्यांनी टोयोटा फॉर्च्युनरसारख्या धिप्पाड गाड्यांना मन दिलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये होंडाने ग्रेटर नोएडातलं गाड्यांचं उत्पादन बंद केलं आणि सीआर-व्हीचा भारतातला प्रवास थांबला.

म्हणून जुलै २०२२ मध्ये आलेली सहावी पिढी आपल्याला शोरूममध्ये दिसली नाही. ती बघण्यासारखी आहे, कारण तिने उलटी उडी मारली. वर्षानुवर्षं पुढची काच पुढे सरकत होती, बॉनेट आखूड होत होतं, म्हणजे आत जास्त जागा. सहाव्या पिढीत काचेच्या खांबाचा पाया १२० मिलिमीटर मागे नेला. परिणाम? नाक लांब, ऐट जास्त. गाडी महागडी वाटते. फिरायला जायची गाडी म्हणून जन्मलेल्या सीआर-व्हीला आता रुबाब दाखवायचा होता. एकच खूण सहाही पिढ्यांत टिकली. मागच्या खांबावर उंच चढणारे दिवे. रात्री हायवेवर मागून ओळखू येते ती अजून त्यानेच.

भारतासाठी होंडाने सप्टेंबर २०२३ मध्ये वेगळीच, छोटी ‘एलिव्हेट’ आणली. लांबी ४३१२ मिलिमीटर, राजस्थानातल्या तापुकाराच्या कारखान्यात बनलेली. आणि मार्च २०२४ पासून हीच गाडी ‘डब्ल्यूआर-व्ही’ नावाने जपानमध्ये विकायला गेली! २००३ मध्ये जपानची सीआर-व्ही बोटीने आपल्याकडे यायची. वीस वर्षांत बोटीची दिशा बदलली.

पोझ देणारी स्टेपनी

मग दारावरची स्टेपनी संपली का? छे! उलट आता ती फॅशन आहे. २०१३ मध्ये भारतात आलेली फोर्ड इकोस्पोर्ट चार मीटरच्या आत बसवताना कंपनीने इंचाइंचाचा हिशोब केला, कारण त्या मर्यादेत कर कमी होता. तरीही मागे चाक लटकवलंच, कारण छोटी गाडी मोठी वाटायला हवी होती! त्याच इकोस्पोर्टची विनाचाकाची आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली, आणि सप्टेंबरमध्ये फोर्डनेच भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. महिंद्राच्या २०२० च्या थारवर आणि २०२४ च्या थार रॉक्सवर मात्र चाक दिमाखात आहे.

फरक एवढाच की १९९५ मध्ये चाक दारावर होतं कारण आत टेबल आणि सामानाला जागा हवी होती. आता ते फोटोसाठीही आहे. दोन्हीत वाईट काही नाही. थारच्या मागचं चाक घाटात उपयोगी पडेलच की! पण आपण कशाचे पैसे मोजतोय हे आपल्याला माहीत असावं. पाच-सात वर्षांचा ईएमआय आपण भरणार आहोत, डिझायनर नाही.

रिडिझाइनमध्ये काही गोष्टी नक्कीच सुधारतात. चौथ्या पिढीचा तो बदललेला सांगाडा कुणाचे तरी पाय, कुणाचा तरी जीव वाचवत असेल. काही गोष्टी गुपचूप निघून जातात आणि ब्रोशरमध्ये त्यांचं नावही नसतं. ‘नवीन काय’ हे सेल्समन सांगतोच. ‘गेलं काय’ हे आपणच विचारायचं असतं.

शोरूममध्ये जाताय? मग एवढं करा

● कार्पेट उचला. डिकीचं कार्पेट बाजूला करून स्टेपनी आहे का बघा. असेल तर इतर चाकांच्याच मापाची आहे की बारीक? बारीक असेल तर तिच्यावर कमी वेगानेच, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं असतं.

● किट असेल तर तारीख बघा. आतल्या द्रवालाही एक्सपायरी असते. सेकंडहँड गाडीत तर हमखास तपासा.

● आईला सोबत न्या. आणि भरलेली पिशवी डिकीत ठेवायला सांगा. डिकीचा काठ किती उंच आहे, दार किती वर जातं, तिचा हात पोचतो का, हे दोन मिनिटांत कळेल.

● कॅमेरा बंद समजून मागे बघा. ड्रायव्हिंग सीटवर बसून मान वळवा. मागच्या काचेतून किती दिसतं? १ जुलै २०१९ पासून रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत, पण पावसात, चिखलात डोळ्यांना पर्याय नाही.

● स्टार कुठल्या मॉडेलचे? सेफ्टी रेटिंग ऐकवलं तर ते कुठल्या वर्षाच्या, कुठल्या आवृत्तीचं आहे ते विचारा. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप टेस्ट सुरू झाली आहे. फेसलिफ्टआधीचे स्टार फेसलिफ्टनंतरच्या गाडीला आपोआप लागू होतात असं धरू नका, उलटंही नाही.

● आणि शेवटी पुढे या. आता खुशाल ग्रिल बघा. आवडली तर घ्या!